बाहेरून लावलेलं कुलूप

मानेवाडा, नागपूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

श्री. विक्रम यांस,
सा. न. वि. वि.

आपण सर्व कुशल असाल. इकडील क्षेम. पत्रास कारण की, आपल्या मातोश्री श्रीमती सुहासिनी (वय ७१) यांस मनोरुग्णालयातून तीन महिन्यांच्या रजेवर सोडले असून, १० तारखेपासून त्या आमच्या संस्थेच्या मानेवाड्यातील घरी राहत आहेत. त्यांनी पुढे कुठे राहायचे, याचा निर्णय ५ फेब्रुवारीला रुग्णालयातील बैठकीत होईल. तत्पूर्वी आपण त्यांची भेट घ्यावी.

एवढं संस्थेच्या वतीनं. कागदी मराठी इथे संपली.

अक्षर ओळखलं असशील. नसेल तर सांगते, मी मुग्धा, तुझी पहिली बायको. लग्नाच्या चार वर्षांत मी तुला एकदाही नावानं हाक मारली नाही, कारण आईंना ते चालत नसे. आता लिहून बघते: विक्रम. काही आभाळ कोसळलं नाही.

पत्र घरी न पाठवता तुझ्या ऑफिसात आणून देते आहे. घरी आलेलं पत्र तू न उघडता गादीखाली सारशील. ऑफिसात आवक रजिस्टरला नोंद होते, शिक्का पडतो, मग कागद मिळालाच नाही असं म्हणता येत नाही. हे तूच मला एकदा जेवताना मोठ्या अभिमानानं सांगितलं होतंस. आवकच्या बाईंनी नाव विचारलं तर मी नीट, स्पष्ट सांगणार आहे.

तू मला २०११ च्या जानेवारीत त्याच मनोरुग्णालयात सोडलंस आणि वर्षाच्या आत घटस्फोटाचे कागद पाठवलेस. २०१४ साली या संस्थेनं मला बाहेर काढलं, आणि गेली नऊ वर्षं मी त्यांच्याकडेच नोकरी करते. ज्यांना न्यायला कोणी येत नाही अशा बायकांना आम्ही बाहेर आणतो. तिघीचौघींना मिळून एक भाड्याचं घर आणि सोबतीला आमच्यातली एक. गोळ्या वेळेवर घेणं, भाजी आणणं, ऑटोवाल्याशी भांडणं, शेजारच्या बाईंकडून विरजण मागणं, हे सगळं पुन्हा शिकायचं. मी स्वतः आतून आलेली असल्यामुळे त्यांना काय शिकवायचं ते मला डॉक्टरांपेक्षा जास्त कळतं, असं माझं मत आहे.

ऑक्टोबरात वॉर्डातून आलेल्या यादीत तिसरं नाव तुझ्या आईचं होतं. आपलं नातं असेल तर ते सांगावं लागतं, असा आमचा नियम आहे. मी सांगितलं नाही. मी माहेरचं आडनाव लावते, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. काहून नाही सांगितलं, ते तू ओळख.

फाइलमध्ये तुझा फोन नंबर आहे आणि त्याचा शेवटचा आकडा चुकलेला आहे. चुकला की चुकवला, तुझं तुला ठाऊक. तो नंबर इतवारीतल्या आनंदराव नावाच्या भांडीवाल्याचा निघाला. चौदा महिने वॉर्डातले फोन त्या माणसाला जात होते. आजींना ताप आहे, आजी जेवत नाहीत, आजींकडे गरम कपडे नाहीत. पहिल्यांदा तो चिडला, मग विचारपूस करायला लागला, आणि गेल्या जानेवारीत स्वतःच एक तपकिरी स्वेटर घेऊन भेटायला गेला. आई अजून तोच घालतात. तुला निदान रंग तरी कळावा म्हणून लिहिलं.

भरतीचं कारणही तूच लिहून दिलंय: 'सहाव्या मजल्याच्या गॅलरीतून विनाकारण भांडी खाली फेकतात. समजावून ऐकत नाहीत.' खाली तुझी शेपटीवाली सही. माझ्या कागदावर होती तीच.

आईंना घ्यायला मीच गेले होते. पंधरा वर्षं एक भाषण पाठ करत होते, त्यांच्या तोंडावर म्हणून दाखवायचं. ऑटोत बसताना त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "मुग्धा, बारीक झालीस वं." भाषण राहूनच गेलं.

आता त्यांचे हाल ऐक. संध्याकाळी सहाला ताट घेऊन भिंतीशी जमिनीवर बसतात. आमची कौशल्या कुहीकडची, बावीस वर्षं आत काढलेली, ती त्यांना समजावते, "आजी, इथं घंटी नाही वाजत. भूक लागली का जेवाचं." कडी आतून लावायची असते हे त्यांना पटत नाही. दार कोणीतरी दुसऱ्यानं लावायचं, अशी सवय झालेली असते. त्या दारापाशी उभ्या राहून वाट बघतात. आणि ज्या बाईनं मला विचारल्याशिवाय साखरेच्या डब्याला हात लावू दिला नाही, ती मला विचारते, "मुग्धा, पाणी पिऊ?" मी लगेच हो म्हणत नाही. जरा थांबते. ते थांबणं मला फार आवडतं.

तुझा राग मला कधी आला नाही, हे कबूल करते. महालातल्या आपल्या जुन्या घरात, मागच्या खोलीत मला पाच महिने कोंडलं ते त्यांनी. किल्ली त्यांच्या कमरेला असायची. तू संध्याकाळी येऊन डोक्यावरून हात फिरवायचास, "आईला कसं समजावू, सांग" म्हणायचास. तू बिचारा मधल्या मध्ये सापडलास, असंच मी धरून चालले. म्हणून सांगते, ये. त्या रोज सकाळी विचारतात, विक्रम कधी येणार. त्यांना बेशाला, तुझ्याकडेच राहायचंय. बैठकीचा अहवाल मी लिहिणार आहे, आणि त्यात काय लिहायचं ते अजून ठरवलेलं नाही.

मी त्यांना काही कमी पडू दिलेलं नाही, एवढं लक्षात असू दे.

कळावे,
मुग्धा


मानेवाडा
रविवार, २१ डिसेंबर २०२५

विक्रम,

पहिलं पत्र पोचलं. आवक क्रमांक माझ्या वहीत आहे. थंडी फार पडली आहे आणि आईंचे गुडघे धरलेत. कौशल्या तिळाचं तेल गरम करून चोळून देते. भूक सुधारली. आता पाणी न विचारता पितात, बाथरूमलाही न विचारता जातात. पंधरा दिवसांपूर्वी शेजारच्या बाईंशी वांग्यांच्या भावावरून दहा मिनिटं बोलत उभ्या होत्या.

तू आला नाहीस, तुझं पत्र आलं. तेही मला नाही, आमच्या कार्यालयाला, ९ डिसेंबरला. 'सदर महिला माझी घटस्फोटित पत्नी असून पूर्वी मनोरुग्ण होती. ती माझ्या आईवर सूड उगवेल, तरी तिला दूर ठेवण्यात यावे.' चौदा महिने आईचं तोंड न बघणाऱ्याला एकाएकी केवढा कळवळा. पानभर पत्रात, आईला न्यायला येतो, हे एक वाक्य नाही.

तुझ्या पत्रानं काम केलं. प्रेमिलाताईंनी मला समोर बसवलं. या घराची सगळी जबाबदारी त्यांची आहे, आणि त्या आवाज चढवत नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "येवढी मोठी गोष्ट लपवली काहून वं तू?" मी म्हटलं, सांगितलं असतं तर केस दिली नसती. त्या म्हणाल्या, "मंग तुले ती केस पाहिजेच होती. कायच्यासाठी?" 

कार्यालय मला त्याच दिवशी हलवणार होतं. पण आईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, मला हीच चालते, हिला माझं सगळं ठाऊक आहे. म्हणून राहिले, प्रेमिलाताईंच्या नजरेखाली. त्या वाक्याचा मला इतका राग आला की दोन दिवस आईंशी बोलले नाही. मला ठेवून घेण्याचा हक्कही पुन्हा त्यांचाच.

तू सूड हा शब्द वापरलास, तर तुला त्या पाच महिन्यांची आठवण करून देते. जुलै २०१० मध्ये सातव्या महिन्यात माझं बाळ गेलं. मी झोपेनाशी झाले, बोलेनाशी झाले. एकदा भर दुपारी अनवाणी चालत गांधीसागर तलावापर्यंत गेले आणि कठड्यावर बसले. फक्त बसले. लोकांनी ओळखून घरी आणलं, आणि दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीला कुलूप लागलं. दुपारी एकदा दार उघडायचं. ताट आत यायचं, आणि आईंचा हात दिसायचा, दोन हिरव्या बांगड्या आणि पाटली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली. लोक ओरडत होते, ईडा पिडा घेऊन जा गे मारबत. मी आतून ओरडत होते, मलाही घेऊन जा. रस्त्यावर एवढा गोंगाट होता, कोणाला ऐकू जाणार? गणपती गेले, दिवाळी गेली. कुलूप लागतानाचा तो आवाज मला अजून सहन होत नाही. बाजारात एखादा दुकान बंद करत असला तरी माझे खांदे वर जातात.

तेव्हा मनात सूड नाही असं मी म्हणणार नाही. मनात आहे, भरपूर आहे. पण हातानं मी काही केलेलं नाही. चहा वेळेवर, गोळ्या वेळेवर, डॉक्टरांची तारीख एकही चुकलेली नाही. प्रेमिलाताईंना विचार, कौशल्याला विचार. मी काही केलेलं नाही.

आता दोन प्रश्न आहेत. तू आणि तुझी आताची बायको नोकरीवर जाताना बेशाच्या फ्लॅटला बाहेरून कुलूप लावत होता का? आणि फाइलमध्ये सोसायटीच्या तक्रारींच्या वेळा आहेत, त्या सगळ्या अकरा ते चारच्या आहेत. आई भांडी तेवढ्याच वेळात का फेकायच्या? संध्याकाळी, तुम्ही घरी असताना, का नाही फेकल्या?

का विचारते ते सांगणार नाही. उत्तर लेखी दे.

मुग्धा


रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

विक्रम,

माझ्या दोन प्रश्नांचं उत्तर तू दिलं नाहीस. आता नको. मला ते मिळालं आहे.

५ तारखेच्या बैठकीलाही तू आला नाहीस, म्हणून तिथलं आधी सांगते. आईंचं नाव रुग्णालयातून कमी झालं. कुठे राहणार, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला विक्रमकडे जायचं होतं. पण तिथली दुपार फार मोठी असते." त्या मानेवाड्यालाच राहणार आहेत. मी तिथे नव्हते, झालं ते मला प्रेमिलाताईंनी सांगितलं. मला ३० जानेवारीला कामावरून काढलं. योग्य केलं. त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

गेल्या पत्रात मी तुला खोटं लिहिलं. मी केलं होतं.

तुझी तक्रार आली त्याच आठवड्यातली गोष्ट, शुक्रवार, १२ डिसेंबर. प्रेमिलाताई कौशल्याला घेऊन कुहीला तिच्या भावाकडे गेल्या होत्या. घरातली तिसरी, प्रीती, दिवसभर शिवणकामाला जाते. मी आणि आई दोघीच. आई मेथी निवडत होत्या. निवडता निवडता, पाऊस पडला होता असं सांगावं तशा सहज म्हणाल्या, "त्या वेळी तू फार ओरडायचीस, मुग्धा. शेजारचे विचारायचे मला."

मी उठले. सगळ्याजणी बाहेर गेलो की लावायचं एक कुलूप आमच्याकडे खुंटीला असतं. ते घेतलं, बाहेर आले, कडी घातली, कुलूप लावलं.  समोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले, साडेअकरापासून चारपर्यंत. दारावरून नजर काढली नाही. मला त्यांचं ओरडणं ऐकायचं होतं. एकदा ऐकलं की माझं पोट भरेल असं वाटत होतं. घरातून आवाज आला नाही. दोन वाजता वाटलं, झोपल्या. तीनला वाटलं, मेल्या. तरीही मी उठले नाही, हे तुला कळलं पाहिजे. मी चारलाच उठले, कारण चार मी ठरवले होते.

दार उघडलं तर आई खाटेवर दाराकडे तोंड करून बसलेल्या. वेणी घातलेली, साडी बदललेली, कुंकू नाही पण पावडर लावलेली. मला पाहून त्यांचा चेहरा पडला. माझ्या मागे बघत म्हणाल्या, "विक्रम येऊन गेला न?"

मी म्हटलं, कोण म्हणालं?

"कुलूप लावल्याचा आवाज आला. मला झोप लागली असेल, भेटलाच नाही. मला वाटलं, घ्यायला येईल आता."

साडेचार तास ती बाई नटूनथटून तुझी वाट बघत बसली होती, कारण तिच्या लेखी बाहेरून कुलूप लावणारा माणूस या जगात एकच आहे.

मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. मी विचारत गेले, त्या सांगत गेल्या, तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगत. बेशाला सकाळी नऊला कुलूप लागायचं ते संध्याकाळी साडेसहाला निघायचं. 'आई, तुझ्याच भल्यासाठी.' एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, वास सुटला, त्यांनी दार बडवलं. सहाव्या मजल्यावर दुपारी कोण असतं? तेव्हा पहिली वाटी गॅलरीतून टाकली, वॉचमननं वर बघावं म्हणून. तो खालून ओरडला, म्हातारी वेडी आहे. पुढे रोज कोणीतरी वर बघावं म्हणून टाकत राहिल्या. एका हाकेला एक वाटी. तू लिहिलंस, विनाकारण.

आणि महालातली खोली. मी स्वतःहून विचारलं नव्हतं. त्याच म्हणाल्या, "तुझं कुलूपही त्यानंच आणलं होतं, इतवारीतून. मला म्हणाला, उघडलीस आणि ती पळाली, तर तळ्यावर शोधायला तू जायचं. किल्ली माझ्याकडे ठेवायचा, फक्त ताट द्यायला. मी उघडायला पाहिजे होतं. मी त्याला भीत होते."

पंधरा वर्षं, विक्रम. त्या हिरव्या बांगड्यांच्या हाताला मी पंधरा वर्षं शिव्या घातल्या. आणि तू माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतास. मी त्या हाताला गाल लावायचे. सबंध दिवसात मला तेवढंच एक बरं वाटायचं. या एका गोष्टीसाठी मी तुला कधी सोडणार नाही.

आईंना मी माफ केलं असं समजू नकोस. किल्ली त्यांच्या कमरेला होती आणि त्यांनी ती वापरली नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्या हो म्हणाल्या.

मग पुढचा महिना मी गप्प होते. तुला प्रश्न पाठवून वाट बघत होते. तू एका ओळीनं कबूल केलं असतंस तर माझं कुलूप माझ्यापाशीच राहिलं असतं. कोणाला कळणार होतं? आई तर तूच येऊन गेलास असं समजून खूश होत्या, कौशल्याला सांगत होत्या. आणि मला ही नोकरी सोडून दुसरं काही येत नाही. पण तुझ्याविरुद्ध माझ्याकडे होतं काय? वेडी ठरलेल्या एका म्हातारीचा शब्द, आणि तो ऐकणारी आणखी एक वेडी. तू दोन ओळींत निकालात काढलं असतंस. कुलुपाचा आवाज आला आणि आईला मुलगा आला असं वाटलं, ही एकच गोष्ट अशी होती की जी ऐकून कोणी म्हणणार नाही की हे रचलेलं आहे. आणि ती सांगायची तर आवाज कोणी काढला, ते आधी सांगावं लागणार.

म्हणून आईंना आधी सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी विक्रम आला नव्हता, कुलूप मी लावलं होतं.  मी कोंडलं याचं त्यांना काहीच वाटलं नाही. एवढंच म्हणाल्या, "म्हणजे आलाच नव्हता." त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दोन दिवसांनी मी विचारलं, हे सगळं अहवालात लिहू का? म्हणाल्या, लिही. मग म्हणाल्या, त्याला काही होणार नाही न? मी म्हटलं, ठाऊक नाही. खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता.

अहवालाच्या पहिल्या ओळीत माझं नाव आहे: मी, मुग्धा, हिनं अमुक तारखेला साडेचार तास हे केलं. दुसऱ्या परिच्छेदापासून तू आहेस. प्रेमिलाताईंनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नवव्या दिवशी म्हणाल्या, "मले तुह्या तोंडाकडं पाहावंसं नाही वाटून राहिलं. पन कागद आण, साक्षीदार म्हनून सही करतो." अहवाल रुग्णालयात गेला, तिथून पुढेही गेला आहे. तुला बोलावणं येईल. तेव्हा सांग, ती बाई सूड घेते आहे. मी हो म्हणेन.

इथेच थांबणार होते, पण परवा, शुक्रवारी दुपारी, मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. नूपुरचा, तुझ्या बायकोचा. माझं दुसरं पत्र तू डब्याच्या पिशवीत तसंच ठेवलं होतंस, ते तिला सापडलं. आधी ती नुसती रडली. मग म्हणाली, आईंच्या वेळी कुलूप मीही लावलंय, तो म्हणायचा म्हणून. त्या पत्रावरून तुमचं भांडण झालं, ती म्हणाली मी माहेरी जाते, आणि शुक्रवारी सकाळी तू ऑफिसला निघून गेल्यावर तिनं दार ओढलं तर ते उघडेना. तुला फोन केला, तर तू म्हणालास, सवयीनं लागलं असेल, संध्याकाळी बोलू.

तिनं मला विचारलं, "तुम्हाला किती दिवसांनी कळलं, कुलूप त्याचं आहे म्हणून?"

मी म्हटलं, पंधरा वर्षांनी.

ती म्हणाली, "मला आजचा दिवस पुरला."

त्या दुपारी तयारीला वेळ उरला नव्हता आणि शनिवार-रविवार तू घरी असतोस, म्हणून आम्ही सोमवार ठरवला. ती हे दोन दिवस तुझ्याशी गोड बोलते आहे, ते तुला आवडतही असेल, आणि तरी सोमवारी सकाळी तू कुलूप लावशील. लावलं नाहीस तर उत्तम, ती चालत बाहेर पडेल. मला मात्र खात्री आहे. हे पत्र उद्या अकरा वाजता प्रेमिलाताई तुझ्या आवक खिडकीत देतील आणि शिक्का पडेपर्यंत तिथे उभ्या राहतील. मी तेव्हा बेशाला असेन, किल्लीवाला आणि एक महिला पोलीस सोबत घेऊन. आईंनीही यायचा हट्ट धरला आहे. म्हणतात, नूपुर कधीकधी दुपारी फोन करून जेवलात का विचारायची, मला जाऊ दे. मी नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही, आणि ऐकायला हवं असंही आता राहिलेलं नाही.

तू हे वाचतो आहेस, म्हणजे दार उघडलं आहे. धावत येऊ नकोस, घरात कोणी नाही.

कळावे. लोभ असावा, असं म्हणणाऱ्या आम्ही तिघी होतो.

मुग्धा